भिंतीचं औषध

बेल वाजायच्या आत सरोजताईंनी मिठाच्या पाण्याचा तांब्या घासून त्याच्या काठावरचा पांढरा थर काढला, पदराला हात पुसले आणि चेहऱ्यावर काळजी आणली. ती आणायला आता त्यांना फारसे कष्ट पडत नसत.

"बघ गं बाई, पुन्हा पानं पिवळी!" दार उघडता उघडताच त्या म्हणाल्या.

रसिका चपला काढून थेट भिंतीपाशी गेली. हॉलची ती अख्खी भिंत कप्प्याकप्प्यांनी भरली होती, आणि कप्प्यांत मनीप्लांट, नेचे, कसली कसली शोभेची झाडं. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत हे जंगल आणलं होतं नीलने, सरोजताईंच्या एकुलत्या एका मुलाने. ठाण्यातल्या माजिवड्याच्या त्याच्या ऑफिसात अशीच भिंत होती. "आई, घरात निसर्ग असला की माणसाला एकटं वाटत नाही. रिसर्च आहे तसा," असं तो फोनवर म्हणाला होता. स्वतः यायचं म्हटलं की मात्र शीळफाट्याचं ट्रॅफिक आडवं यायचं. माजिवडा काही सातासमुद्रापार नव्हता, पण आईच्या वाट्याला भिंत आली, मुलगा नाही.

भिंतीबरोबर रसिका आली, तेवढं एक बरं झालं. झाडं लावणाऱ्या कंपनीची ही मुलगी दर गुरुवारी देखभालीला यायची. भिंत रुजेपर्यंत दर आठवड्याला, रुजली की तीन महिन्यांतून एकदा, असा कंपनीचा नियम होता. तो कळला त्याच दिवशी सरोजताईंनी खडेमिठाच्या बरणीला हात घातला होता.

"मातीतच काहीतरी लोचा आहे, काकू," रसिका कप्पे चाचपत म्हणाली. "औषध टाकते." तिने सॅकमधून निळी बाटली काढली.

"दे इकडे, मी ओतते."

"नको नको, कडक असतं हे. तुमच्या हाताला लागलं तर?"

मग चहा झाला. रसिका मूळची राजापूरकडची. कोपरला तिघी मुलींबरोबर एका खोलीत राहायची. त्या तिघी रात्रपाळीवाल्या, त्यामुळे ही घरी पोचायची तेव्हा खोलीला कुलूपच असायचं.

"दिवसभर झाडांशीच बोलते मी, काकू. एवढ्या मोठमोठ्या ऑफिसांत जाते, पण जरा बस म्हणणारं कोणी नाय."

सरोजताईंनी न विचारता तिचा कप पुन्हा भरला.

"आज सरांनी झापलं मला," रसिका हसत म्हणाली. "बाकी सगळ्या भिंती मस्त लागल्यात, तुझी डोंबिवलीचीच कशी मरते? तुझ्या हातालाच गुण नाही, बोलले."

ती हसत होती, पण सरोजताईंनी हातातलं बिस्कीट बशीत परत ठेवलं. आपल्यापायी परक्याच्या पोरीला बोलणी बसत होती. त्यांना स्वतःची लाज वाटली.

पुढच्या गुरुवारी त्यांनी हट्टाने रसिकाकडून सगळी माती बदलून घेतली. मिठाची बरणी फडताळात पार मागे सारली. तीन महिन्यांतून एकदा तर एकदा. पोरीचं नाव तरी खराब व्हायला नको.

रोज सकाळी त्या भिंतीसमोर खुर्ची टाकून बसायच्या. गाळलेलं पाणी घालायच्या, पानं ओल्या फडक्याने पुसायच्या, "बरी हो गं बाई" म्हणायच्या. पहिला कोंब दिसला तेव्हा त्यांना रडू आलं, आणि ते काही आनंदाचं नव्हतं.

पण कोंब टिकले नाहीत. गुरुवार उलटला की दोन दिवसांत पानांच्या कडा करपायच्या. सरोजताई हबकल्या. आपलंच पाप मुळांत मुरलंय, आता ते कशाने धुऊन निघायचं, असं त्यांना वाटू लागलं.

"मला कळत नाही गं," त्या रसिकाला म्हणाल्या. "खरंच सांगते, आता तर मी काहीसुद्धा..." पुढचं त्यांनी गिळलं.

"असू दे ना, काकू. तुमची काय चूक?" रसिका चहावर फुंकर घालत म्हणाली. "सरांचं मी ऐकून घेईन. मला येत राहावं लागेल, एवढंच."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. पलावाच्या एका ऑफिसात भिंतीचा पंप बंद पडला होता. उरलेला चहा एका घोटात संपवून ती पळाली.

घर पुन्हा गप्प झालं. कप उचलायला गेलेल्या सरोजताईंना खुर्चीखाली निळी बाटली दिसली. पोरगी औषध विसरली होती. त्यांनी ती उचलली, उजेडात धरली. झाकणाच्या कडेला पांढरा थर धरला होता.

त्यांनी झाकण उघडलं, त्यात थोडं औषध ओतलं, बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

मग स्वयंपाकघरात गेल्या, फडताळात मागे सारलेली बरणी पुढे ओढली, आणि खडेमीठ विरघळवून बाटली गुरुवारसाठी गळ्यापर्यंत भरून ठेवली.