मुकी चाके

"आजींना झोप हवी. खरं औषध तेच," असे डॉक्टरांनी बजावल्यापासून निवृत्त घड्याळजींना आपली हौसेने जमवलेली चिमुकली आगगाडी अपराधासारखी टोचू लागली. रोज दुपारी तिच्या धातूच्या चाकांचा खडखडाट भिंतीपलीकडे, चार महिने अंथरुणाला खिळलेल्या पत्नीच्या कानी जात असणारच!

ते तडक दुकानात गेले.

"आजोबा, प्लास्टिकची चाकं न्या, अगदी मुकी," दुकानदार म्हणाला. "फक्त चाकाची रुळाच्या आत उतरणारी कड उथळ बघून घ्या. तुमचे रूळ बुटके, खोल कडेची चाकं अडखळतील आणि मग माझ्या नावानं शंख कराल."

घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून एकेका चाकाची कड निरखली आणि घरी येऊन सगळ्या डब्यांची चाके बदलली. गाडी निघाली. तीन फेऱ्या झाल्या, तरी श्वासाइतकाही आवाज नाही. कित्येक दिवसांनी त्यांच्या जिवाला स्वस्थता लाभली. त्यांनी समाधानाने डोळे मिटले.

इतक्यात दार धाडकन उघडले. भिंत धरून पत्नी उभी होती, घामाने डबडबलेली.

"अगं, तू उठलीस कशी?"

ती कधी त्यांच्याकडे, कधी निःशब्द धावणाऱ्या गाडीकडे पाहत राहिली. मग चौकटीला टेकून हळूहळू खाली बसली.

"अहो, खडखड ऐकू येईना. मला वाटलं, तुम्हालाच काहीतरी झालं. ती चालू असते म्हणून तर माझा डोळा लागतो."