वाकड्या पंखांचा खटला

उकळतं पाणी सोमवारी सकाळी यायचं होतं.

हुकूम मॉस्कोहून सुटला होता. जनुक नावाची वस्तू अस्तित्वात नाही, सबब ती ज्यांच्यात सापडते त्या फळमाश्या नष्ट कराव्यात. व्होल्गाकाठच्या त्या संस्थेत, १९४८च्या ऑगस्टमध्ये, यावर कुणी हसलं नाही.

"बाई, सही करून टाका ना," झोया म्हणाली. ती प्राध्यापिका क्सेनिया अर्काद्येव्नांची मदतनीस. "'माझं चुकलं' एवढंच लिहायचंय. सगळे लिहितायत. विभाग तुमच्याकडेच राहील."

"आणि माश्या?"

झोयाने सहीचा कागद पुढे सरकवला.

बाईंनी हंसाच्या पिसाने भिंगाखालच्या माश्या अलगद वेगळ्या केल्या. नर इकडे, माद्या तिकडे. सगळ्यांचे पंख वाकडे, आणि बापाचे तसे लेकाचे. सतरा वर्षं त्यांनी हा वंश सांभाळला होता. युद्धात संस्था उरलपलीकडे हलली तेव्हा उणे तीस अंशांत, मालगाडीच्या डब्यातून, सहा बाटल्या कोटाच्या आत पोटाशी धरून नेल्या होत्या. बाईंच्या पायाची दोन बोटं गेली. माश्या सगळ्या पोचल्या. त्या सहांच्या आता दोनशे चौदा बाटल्या झाल्या होत्या.

प्रत्येक बाटलीच्या चिठ्ठीवर, खाली उजव्या कोपऱ्यात, पुढच्या खाद्याची तारीख. बाईंच्या हाताला ही सवय इतकी जडली होती की भाचीच्या लग्नाच्या शुभेच्छापत्रावरही ती उमटली. जावईबापू बरेच दिवस कोड्यात होते.

कोठारवाला फादेइच सामान घेऊन आला.

"घ्या. रवा, काकवी, यीस्ट. माणसं पावाच्या रांगेत उभी, आणि यांच्याकडे रोज गोडाधोडाचं! एक दिवस मी वर कळवणार आहे, सांगून ठेवतो."

"कळव की," बाई म्हणाल्या. "पण नीट लिही. तुझं अक्षर साहेबांना लागत नाही."

सोमवारी पाण्याची बादली आली, तिच्यामागून धापा टाकत चौकशी समितीचे कॉम्रेड बुबेन्त्सोव आले.

"थांबा! ती बादली परत न्या."

त्यांच्या हातात एक निनावी तक्रार होती. ती त्यांनी कुणाला दाखवली नाही, मजकूर मात्र सांगितला.

"एक जागरूक नागरिक विचारतो. योग्य आहार मिळाला की कुठलाही जीव सुधारतो, हे आपलं विज्ञान. मग या माश्यांना मारायचं कशाला? त्या सुधारणारच नाहीत, असं समितीलाही वाटतं की काय?"

बुबेन्त्सोवांनी कपाळाचा घाम पुसला. या प्रश्नाला 'हो' म्हणणाऱ्याचं पुढे काय होतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

निर्णय तिथेच झाला. माश्या मुद्देमाल म्हणून जप्त. त्या सरकारी खर्चाने पोसायच्या. पंख सरळ झाले की प्राध्यापिका खोटी ठरली अशी नोंद करून खटला बंद करायचा. तोवर एकाही बाटलीला धक्का लावायचा नाही. देखरेख झोयाकडे.

तक्रारीत बाईंबद्दलही बरंच होतं. त्यांनी माफी मागितली तर ते ढोंग समजावं, असंसुद्धा. त्यांचं पद त्याच दुपारी गेलं. दोनशे किलोमीटरवरच्या कोंबडीपालन केंद्रात त्यांना अंडी निवडायला धाडलं.

"हे काम फादेइचचंच!" स्टेशनवर झोया रडत रडत म्हणाली. "मेल्याने तुम्हाला बुडवलं."

"काकवी बेताने घाल," बाई म्हणाल्या. "बुरशी धरते."

सोळा वर्षं झोयाने माश्या पोसल्या. सोळा वर्षं फादेइचने रवा एक दिवसही चुकवला नाही, आणि सोळा वर्षं झोया त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. दर हिवाळ्यात तो मिठातल्या काकड्यांची बरणी ठेवून जायचा. ती बरणी तशीच परत जायची.

वर्षातून दोनदा बुबेन्त्सोव यायचे.

"झाले सरळ?"

"नाही, कॉम्रेड."

"काहीच प्रगती नाही?"

"एकीचे झाले होते. पण ती बुचाखाली चेंगरली होती."

बुबेन्त्सोव 'सुधारणा चालू' असा शेरा मारून जायचे.

१९६५च्या वसंतात जनुक पुन्हा अस्तित्वात आलं. तसं सरकारी पत्रच आलं. देशभरातल्या प्रयोगशाळांनी आपापल्या माश्या केव्हाच उकळून टाकल्या होत्या. आता जो तो याच संस्थेला लिहू लागला: तुमच्याकडच्या चार जोड्या मिळतील का?

बाई परत आल्या. वय बहात्तर, हातात काठी. कोट न काढताच भिंगावर वाकल्या.

"वाकडे," त्या म्हणाल्या. "चारशे पिढ्या सरकारचं खाल्लं, आणि तरी वाकडे!"

दारात फादेइच उभा होता. हातात बरणी, काखेत खटल्याची फाईल.

"झोया पेत्रोव्ना, खटला मिटला, फाईल खुली झाली. आता तरी ते पत्र बघ. काकड्यांची शपथ, मी नाही लिहिलं."

"जाऊ दे रे," बाई भिंगातून डोळा न काढता म्हणाल्या. "जुने कागद कशाला उकरता?"

"नाही बाई," झोया म्हणाली. "तुमचं आयुष्य नासवणारा कोण, ते मला बघायचंच आहे."

तिने फाईल घेऊन तिची दोरी सोडली. कागद पिवळा पडला होता. अक्षरं मोठी, वेडीवाकडी, डाव्या हाताने काढल्यासारखी. फादेइच तिच्या खांद्यावरून डोकावत होता. नाव नाही, सही नाही. फक्त खाली, उजव्या कोपऱ्यात, लहानशी एक ओळ होती.

'पुढचं खाद्य: २ सप्टेंबर.'