समुद्राच्या बुडाशी

"पाण्यात जाळ? मंग उद्यापासून माझी चूलबी हिरीतच मांडते," साळूबाई म्हणाली, आणि परतूरच्या शाळेत विज्ञान प्रदर्शनाला जमलेला अख्खा हॉल हसला.

हसला म्हणून तिनं आणखी एक टोला हाणला. "आमच्या नातीला भाकर थापता येत न्हाई, अन् समिंदरात डोंगर थापून राह्यली."

नात राजनंदिनी, सातवीतली, टेबलामागं उभी होती. पुढं काचेची टाकी, टाकीतल्या पाण्यात मातीचा डोंगर, डोंगराच्या पोटात सलाईनची नळी, नळीच्या टोकाला लाल पाण्यानं भरलेली सिरिंज. तालुक्यातून एकच मॉडेल जिल्ह्याच्या प्रदर्शनाला, जालन्याला जाणार होतं. परीक्षक आले तेव्हा बाया अजून तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"सांग बाळ, समुद्राखाली ज्वालामुखी कसा तयार होतो?"

राजनंदिनीनं तोंड उघडलं. मिटलं. सिरिंजवरचा अंगठा तिथंच राहिला.

"बरं, समुद्रावर परिणाम काय होतो, तेवढं तरी सांग."

पोरीचे कान तांबडे झाले होते. तिनं आजीकडं पाहिलं नाही. परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं.

साळूबाईनं जन्मात कुणाची माफी मागितली नव्हती; सुनांची नाही, सरपंचाची नाही. आठ दिवस पोरगी चुलीपुढं बसून हेच घोकत होती आणि ही म्हणत होती, बंद कर ती भुणभुण. भुणभुण सगळी कानात जाऊन बसली होती. ती पुढं झाली.

"मी सांगते. समिंदराच्या बुडाशी भुई फाटती. आतला दगड गुळाच्या पाकावाणी पातळ, लालबुंद, वर येतो. पाणी लागलं की वरून थिजतो, उशीवाणी गोळे होतेत. गोळ्यावर गोळा, हजारो वर्सं. डोंगर पाण्याच्या वर निघाला तर त्याचं बेट होतं. आजूबाजूचं पाणी कढतं, आंबट होतं."

आता कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"छान सांगितलंत आजी," परीक्षक म्हणाले. "पण हे मुलीनं सांगायचं असतं." कागदावर काहीतरी लिहून ते पुढच्या टेबलाकडं गेले.

साळूबाईची मान वर होईना. तिनं हळूच विचारलं, "माझं काय चुकलं का गं?"

राजनंदिनी टाकीतच बघत होती. "तिथले सगळे मासे मरतात. ते सांगायचं राह्यलं."

त्याच्या पुढचं वाक्यही साळूबाईला पाठ होतं: मंग लय वर्सांनी, त्याच गार झालेल्या दगडावर, नवे जीव राहायला येतात. ती वाट बघत उभी राहिली.

नात तेवढं बोलली नाही. पेला घेऊन टाकीतलं पाणी उपसायला लागली.