पक्का बंदोबस्त

"पुन्हा तेच," काका म्हणाले आणि खुर्चीवरून उठले.

मास्तर त्यांच्या जागी बसले. पडद्यावरच्या काळ्या खिडकीत लाल अक्षरांच्या रांगा लागल्या होत्या. पायथन, म्हणजे प्रोग्राम ज्या भाषेवर चालतो ती, सापडत नाही, असं संगणक म्हणत होता. मास्तरांनी गेल्या खेपेला बसवलेलं पायथन तर जागच्या जागी होतं. ते कुठे आहे हे संगणकाला सांगणारी ओळ तेवढी नव्हती.

मास्तर काही शाळेतले मास्तर नव्हेत. घरोघर जाऊन ते संगणक दुरुस्त करत, पण गिऱ्हाइकाला शिकवल्याशिवाय त्यांचा हात चालत नसे, म्हणून हे नाव पडलं. "सगळ्यांना असंच शहाणं करत बसलात तर आपली चूल कशी पेटायची?" बायको म्हणे. मास्तर हसत. विद्या दिल्याने वाढते, यावर त्यांचा भाबडा विश्वास होता.

या घरी मात्र ते पोटतिडकीने येत. काका मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांची एकुलती एक मुलगी वर्षापूर्वी घरातून नाहीशी झाली. मुलगी सज्ञान आहे, आपल्या पायांनी गेली आहे, असं म्हणून पोलिसांनी हात वर केले. मग काकांच्या भाच्याने परदेशी जाण्याआधी त्यांना एक प्रोग्राम लिहून दिला. दुकानं, शाळा, दवाखाने इंटरनेटवर जे फोटो टाकतात ते तो चाळायचा आणि त्यांत तिचा चेहरा शोधायचा. पण पठ्ठ्या कधी धड चालेल तर शपथ. आज चेहरे ओळखणारं पॅकेज, म्हणजे प्रोग्रामला लागणारा तयार तुकडा, तोच नाहीसा, उद्या त्याची आवृत्ती पायथनच्या आवृत्तीशी जुळत नाही. जरा कुठे रुळावर आला की पुन्हा आडवा. मास्तरांची मुलगी तेवढ्याच वयाची होती. काकांच्या मुलीच्या जागी आपली पोर असती तर, या विचाराने ते बोलावणं आलं की हातातलं काम टाकून निघत.

संगणक मुलीच्याच खोलीत होता. दाराला कडी बाहेरून होती. पूर्वी ही अडगळीची खोली असावी, असं मास्तरांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

काकू चहा घेऊन आल्या. डावा हात नेहमीसारखा पोटाशी धरलेला. जुनं दुखणं आहे, असं त्या एकदा म्हणाल्या होत्या. कप ठेवून त्या मास्तरांच्या पाठीमागे उभ्या राहिल्या.

"आज काय झालंय हो याला?"

इतक्या आस्थेने विचारणारं गिऱ्हाईक विरळा. मास्तर खुलले. "वाट दाखवणारी ओळ गेलीय, काकू. ती नसली की पायथन घरात असून नसल्यासारखं. मागच्या खेपेला तुम्हाला दाखवली होती ना, तीच."

"हो, आठवतंय."

"आपोआप जाते ती?" काकांनी शांतपणे विचारलं.

"अपडेटचे प्रताप, काका. दुसरं कोण हात लावणार?"

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू कपाखालची बशी सरळ करत होत्या.

"या वेळी असं करून द्या, की पुन्हा तुम्हाला यायची वेळ येऊ नये," काका म्हणाले. "माझी मुलगी आहे ती, मास्तर. एकदा घरी आली की मी नीट लक्ष ठेवीन."

मास्तरांना गलबलून आलं. त्यांनी बाह्या सरसावल्या. जुनं सगळं मुळासकट उपटलं आणि प्रोग्रामसाठी संगणकातच वेगळं बंदिस्त घर केलं. त्याचं पायथन वेगळं, त्याची पॅकेजं वेगळी, प्रत्येकाची आवृत्ती खिळा ठोकून पक्की. चेहरे ओळखणारं पॅकेज फार हट्टी. ते जोडायची अवजारं आधी आणावी लागली, मग ते नव्या आवृत्तीवर अडून बसलं, जुनी दिल्यावर कुठे नरमलं. सगळ्याच्या वर मास्तरांनी पासवर्ड लावला आणि काकांच्या कानात सांगितला.

"मला नाही सांगणार?" काकूंनी विचारलं.

"तुम्हाला कशाला उगाच ताप? आता कुणाच्या बापाला हे मोडता येणार नाही."

"तुम्हालाही नाही?"

"मलाही नाही."

काकू पलंगाच्या कडेवर बसल्या. बिचारीला आनंद सोसवेना, असं मास्तरांना वाटलं.

प्रोग्राम चालू लागला. पडद्यावरून चेहरे सरकत राहिले, शेकड्यांनी, न अडखळता. चहा कुणी घेतलाच नाही. ऊन खिडकीतून उतरून फरशीवर आलं, तेव्हा एक फोटो थांबला.

बेकरीचा फोटो होता. गल्ल्यामागे एक मुलगी उभी होती, केस बारीक कापलेले, हसत असलेली. मागच्या पाटीवर दुकानाचं नाव आणि पत्ता स्वच्छ दिसत होता.

काकांनी पाटीवरचा पत्ता दोनदा वाचला. "आता कुठे जाईल?" ते हळूच म्हणाले. त्यांनी मास्तरांचा खांदा थोपटला, खुंटीवरची गाडीची किल्ली घेतली आणि निघाले. काकूंना येतेस का म्हणून विचारलंही नाही. फाटक वाजलं, गाडी सुरू झाली आणि तिचा आवाज रस्त्याच्या टोकाला विरला.

मास्तरांचे डोळे भरून आले होते. काकू डोळे पुसत फोन लावत होत्या. पलीकडे घंटी वाजत होती, उचलत कुणी नव्हतं. त्यांनी पुन्हा लावला.

"रडू नका काकू," मास्तर म्हणाले. "पोर घरी आलीच समजा. काकांना गाडी चालवू दे, कुणाला कळवायचं ते मागाहून कळवा."

"कामावर असताना फोन जवळ ठेवत नाही ती," काकू म्हणाल्या.

मास्तरांनी पडद्यावरचा फोटो पाहिला, मग काकूंच्या हातातला फोन.

"दर खेपेला तुम्ही शिकवत गेलात, मास्तर, आणि दर खेपेला मीच ते मोडत आले."