चांदीचं फुलपात्र

वीस वर्षांपूर्वी बंगल्यात रामनवमीचं कीर्तन रंगलं की इंद्रजीत आणि सयाजी, सोलापुरातल्या टॉवेल कारखानदारांची लाडावलेली पोरं, चांदीच्या फुलपात्रातून दारू प्यायची. बुवांना वाटे, तीर्थ घेताहेत. आज त्याच फुलपात्रात गंगाजल होतं आणि दारूनं पोखरलेला इंद्रजीत शेवटच्या घटका मोजत होता. “तूच पाज बाबा,” त्याची आई सयाजीला म्हणाली. “आमचं कधी ऐकलं नाही. तुझ्या शब्दाखातर तरी रामाचं नाव घेईल. मी देवघरात बसते.” सयाजीनं फुलपात्र त्याच्या ओठांना लावलं. “इंद्या, आईसाठी म्हण की, राम.” इंद्रजीतनं घोट घेतला, पिवळे डोळे किलकिले केले. “नुसतं पाणी काय बे?” तो हसला आणि मान कलंडली. “घेतलं का रे नाव?” आतून आवाज आला. “घेतलं, काकू.” उरलेलं गंगाजल सयाजीनं घशात ओतलं. त्यालाही ते मिळमिळीतच लागलं.