ओटीतला कापूस

केनियातल्या दवाखान्यात तीन महिने बिनपगारी सेवा करायची, म्हणून मी आर्वीहून वडनेरला पायी निघाले होते. त्या खर्चासाठी प्रत्येक किलोमीटरमागे ओळखीचे लोक वर्गणी देणार होते. वडनेर चार किलोमीटरवर असताना टाच सोलली. मी बांधावर बसून रडले. शेतात कापूस वेचणाऱ्या सात बाया जमल्या. त्यांतली एक, कांतामावशी, म्हणाली, “काऊन रडून राह्यली वं?” मी सगळं सांगितलं. “म्हंजे चालल्याचीबी मजुरी भेटते,” ती म्हणाली. त्यांच्यात एखादी आजारी पडली, की सगळ्याजणी कमरेच्या ओटीतला मूठमूठ कापूस तिच्या ओटीत टाकतात, तिची मजुरी बुडू देत नाहीत. मावशीने ओटीतला कापूस माझ्या टाचेला बांधला. “तू बस. राह्यलेलं आमी चालतो, ते तुह्यात टाकजो.” सातही जणी वडनेरच्या रस्त्याला लागल्या. असा नियम नसतो, हे मला सांगवेना. मी उठले आणि लंगडत त्यांच्यामागे निघाले.