अकरावी लेव्हल

बाबांच्या दहाव्याच्या पिंडाला कावळा शिवेना.

"पोरीचं लग्न लावून देऊ, दादा," काका पिंडासमोर हात जोडून म्हणाले.

मला संताप आला. बाबांना माझ्या लग्नाची घाई कधीच नव्हती. त्यांचा जीव कॉम्प्युटरवरच्या, नावाड्याच्या एका गेममध्ये होता, ज्याचं कुणी नावही ऐकलं नव्हतं. आधी मीही त्यांना हसले होते. मग एका दुपारी सोबत बसले आणि उठलेच नाही. अकराव्या लेव्हलला अडलो, तोच बाबा हॉस्पिटलात गेले. भावाने गेम फालतू म्हणून डिलीट केला. बाबा फक्त "असू दे" म्हणाले.

"गेम परत टाकतो म्हण," मी भावाला सांगितलं.

"इथे? सगळ्यांसमोर?"

"मोठ्याने."

त्याने हात जोडले. "बाबा, गेम परत टाकतो."

सगळे कावळ्याकडे बघू लागले. मी भावाच्या तोंडावरून नजर हलवली नाही.